दुर्बिणीची चमक पाखरांपासून कशी लपवायची

बारामतीत माझं चष्म्याचं दुकान आहे आणि हिवाळ्यातले बहुतेक रविवार उजनी धरणाच्या पाणवठ्यावर, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला जातात. त्यामुळे काचेबद्दल तक्रारी करणारी दोन प्रकारची माणसं मला भेटतात. एक गिऱ्हाईक म्हणतं, नव्या चष्म्यावर ही हिरवी झाक कसली? दुसरं गळ्यात नवी दुर्बीण अडकवून विचारतं, ताई, आम्ही हललोसुद्धा नव्हतो, तरी अख्खा थवा उठला कसा? दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणाहून येतात. काच उजेड आरपार सोडते तशी थोडा परतही फेकते, आणि तो परत फेकलेला उजेड कुणाच्या डोळ्यात जातोय हे काचेच्या मागच्या माणसाला कधीच दिसत नाही.

चमक लपवायची म्हटलं की लोक आधी खरेदीला निघतात. माझा क्रम उलटा आहे: आधी बसायची जागा, मग काचेपुढची सपाट फिल्टर काढणं, मग काचेपुढे लावायची घरी केलेली नळी (हूड), आणि विकतची साधनं अगदी शेवटी. पहिल्या दोन गोष्टी फुकट आहेत आणि निम्म्याहून जास्त काम त्यांनीच होतं.

काच का चमकते

साध्या, लेप नसलेल्या काचेवर सरळ पडलेल्या उजेडातला सुमारे ४ टक्के पहिल्याच पृष्ठभागावरून परततो. काचेला दोन बाजू, म्हणजे एका भिंगाचे ८ टक्के गेले. दुर्बिणीत भिंगं आणि लोलक मिळून असे दहा पृष्ठभाग सहज असतात. प्रत्येकाने ४ टक्के खाल्ले तर डोळ्यापर्यंत जेमतेम दोन तृतीयांश उजेड पोचतो. उरलेला आत इकडेतिकडे आपटतो आणि त्यातला बराचसा पुढच्या काचेतून बाहेर पडतो, म्हणजे पाखरांकडे.

यावरचा उपाय १९३५ मध्ये जर्मनीत, झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काढला. निर्वात भांड्यात भिंगावर एका पदार्थाचा अतिशय पातळ थर चढवायचा. आज त्यासाठी मॅग्नेशियम फ्लोराइड सर्रास वापरतात आणि थराची जाडी साधारण १०० नॅनोमीटर ठेवतात, थराच्या आत हिरव्या उजेडाच्या तरंगाची जी लांबी होते तिचा चौथा हिस्सा होईल इतकी. थराच्या वरून आणि खालून परतणारे तरंग एकमेकांना मारून टाकतात. असा एक थर ४ टक्क्यांचे दीड टक्क्याच्या आसपास करतो. अनेक थर दिले तर परतावा अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातो आणि मग दहा पृष्ठभागांतूनही ९५ टक्के उजेड आरपार पोचतो. चष्म्यावरची हिरवी झाक म्हणजे थरांनी न मारलेला उरलासुरला उजेड. तो दोष नाही, लेप असल्याची खूण आहे. हे मी दुकानात रोज सांगते आणि रोज कुणीतरी काच बदलून मागतं.

दुर्बिणीच्या खोक्यावरचे शब्द नीट वाचा, कारण त्यांत फसवाफसवी नसली तरी गोलमाल आहे. नुसतं 'कोटेड' म्हणजे कुठल्यातरी पृष्ठभागावर एक थर. 'फुली कोटेड' म्हणजे हवेला लागणाऱ्या सगळ्या पृष्ठभागांवर एक-एक थर. 'मल्टी कोटेड' म्हणजे काही पृष्ठभागांवर अनेक थर. सगळ्यांवर अनेक थर हवे असतील तर 'फुली मल्टी कोटेड' हे तीन शब्द एकत्र दिसायला हवेत. आणि थंड हवेच्या ठिकाणी बाजारात लाललाल काचेच्या दुर्बिणी टांगलेल्या असतात ना, 'रुबी' म्हणून विकतात त्या? त्या घेऊ नका. तो लेप तांबडा उजेड आत जाऊच देत नाही, परत फेकतो. आतून चित्र हिरवट दिसतं आणि बाहेरून तुम्ही दोन लाल दिवे लावून बसल्यासारखे दिसता.

लेपाच्या भरवशावर मात्र निर्धास्त राहू नका. लेपाचं सगळं गणित माणसाच्या डोळ्यासाठी, हिरव्या रंगाच्या आसपास बसवलेलं असतं. पक्ष्यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या असतात, आपल्या तीन, आणि बऱ्याच जातींना अतिनील उजेडही दिसतो. तिथे तुमची महागडी काच किती परत फेकते याची हमी खोक्यावर कुणी लिहीत नाही. शिवाय सूर्य इतका तेजस्वी आहे की त्याचा अर्धा टक्काही गवताळ माळावर ठसठशीत दिसतो.

सपाट काच काढा

कॅमेऱ्याच्या लेन्सवर दुकानदार एक 'यूव्ही फिल्टर' बसवून देतो, ओरखडे पडू नयेत म्हणून. आमच्याकडच्या फोटोवाल्यांपैकी निम्म्यांना ती वेगळी काच आहे हेही माहीत नसतं. चमकेच्या बाबतीत सगळ्यात वाईट वस्तू हीच.

लेन्सची पुढची काच बहुधा फुगीर असते. फुगीर काच सूर्याची एक बारीक टिकली तयार करते आणि तो उजेड सगळीकडे पांगवते, त्यामुळे कुठल्याही एका डोळ्याला त्यातला थोडाच मिळतो. सपाट काच आरशासारखी सगळा परतावा एकाच दिशेला फेकते. ७७ मिलिमीटरच्या फिल्टरवरून परतलेला कवडसा १०० मीटरवर साधारण एक मीटर रुंदीचा असतो. त्या एका मीटरात जो पक्षी असेल त्याला सूर्याचाच एक छोटा तुकडा समोर दिसतो. आता हात किंचित हलला, समजा १ अंश, तर कवडसा २ अंश फिरतो, कारण परावर्तनात कोन दुप्पट होतो. १०० मीटरवर ते साडेतीन मीटर झाले. तुमच्या लेखी तुम्ही हललाच नाहीत. तिकडे मात्र थव्यावरून प्रकाशाचा झोत फिरून गेला.

यात आणखी एक गंमत आहे. सूर्य लेन्सच्या रोखापासून डावीकडे ३० अंशांवर असेल तर सपाट काचेचा कवडसा उजवीकडे ३० अंशांवर जातो. म्हणजे तुम्ही ज्या चित्रबलाकाकडे पाहताय त्याला काहीच दिसत नाही, तो आपला शांत. कवडसा पडतो बाजूच्या बांधावर बसलेल्या टिटवीवर. टिटवीने एकदा तोंड उघडलं की पुढचं सांगायला नको. म्हणून 'आमचा पक्षी तर आमच्याकडे बघतही नव्हता' या म्हणण्याला काही अर्थ नाही.

पोलरायझर फिल्टरने चमक जाते, असा एक समज आहे. पाण्यावरची चकाकी तुमच्या फोटोतून जाते, हे खरं. पण तीही पुढे लावलेली सपाट काचच आहे, आणि पक्ष्याला ती आरशासारखीच दिसते. ओरखड्यांची भीती असेल तर पुढची नळी कायम लावून ठेवा, तिनेच लेन्स जास्त वाचते.

सूर्य कुठे आहे

पाठीवर ऊन असेल तर पुढच्या काचेवर सूर्य पडतच नाही आणि पक्षीही उजळ दिसतो. हे सगळ्यांना माहीत असतं. पण सकाळी आठला पाठीशी असलेला सूर्य अकरापर्यंत कुठे जाणार, याचा विचार जागा निवडताना फार कमी लोक करतात.

आपल्याकडे, म्हणजे साधारण १८ अक्षांशावर, डिसेंबरच्या शेवटी सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो. दुपारी ऐन माथ्यावर येतानाही तो दक्षिणेकडेच झुकलेला, क्षितिजापासून जेमतेम ४८-४९ अंश वर असतो, आणि मावळतो तोही नैर्ऋत्येच्या बाजूला. याचा सरळ अर्थ असा: सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तरेकडे तोंड करून बसलात तर सूर्य दिवसभरात एकदाही तुमच्या समोर येत नाही. आडोसा बांधायचा असेल, झुडपात बसायचं असेल किंवा गाडी उभी करायची असेल, तर पाण्याच्या दक्षिण काठाला, तोंड उत्तरेला. पक्ष्यांचा सगळा हंगाम नेमका याच महिन्यांतला, त्यामुळे आपलं नशीब चांगलं आहे. नेमकी ती जागा मिळाली नाही तर सकाळी पूर्वेचा आणि दुपारनंतर पश्चिमेचा काठ, म्हणजे सूर्य पाठीशी राहील असा. मध्ये काठ बदलताना उठलात की पक्षीही उठतातच, म्हणून मी उत्तरमुखी जागा मिळाली की हलत नाही.

होडीत बसलात तर हे होडीवाल्याला निघतानाच सांगा. कुंभारगावचे होडीवाले पक्ष्यांना तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त ओळखतात, पण पर्यटकाला रोहित (फ्लेमिंगो) जवळून दाखवायची घाई असते. "दादा, ऊन पाठीवर ठिवून घ्या, लांबून फिरलं तरी चालंल," एवढं म्हटलं की काम होतं. एका होडीवाल्याने मला उलट सुनावलं होतं, "ताई, ऊन मी घेतो पाठीवर, तुमी आधी त्या बांगड्या काढा." त्याकडे मी पुढे येतेच.

पाण्यावर एक अडचण जास्तीची आहे, ती माळावर नसते. ऊन खालूनही येतं. सूर्य समोर आणि खाली असेल तर लाटांवरची लखलख लेन्सच्या काचेवर खालच्या बाजूने पडते. फुलाच्या पाकळीसारखे कापलेले हूड काही लेन्सबरोबर येतात, त्यांच्या खाचांतून हा उजेड आत शिरतो. पाण्यासाठी सगळीकडून सारखी, गोल नळीच हवी.

घरची नळी

नळी, हूड, टोपडं, काहीही म्हणा. हिशोब सोपा आहे. काचेच्या व्यासाइतकी लांब नळी लावली तर रोखापासून ४५ अंशांहून बाहेर असलेला सूर्य काचेवर पडूच शकत नाही. लांबी व्यासाच्या दुप्पट केली तर ही मर्यादा २६-२७ अंशांवर येते. जितकी लांब तितकी चांगली, अट एवढीच की नळीची कड तुमच्या दृश्यात यायला नको. लांब पल्ल्याच्या लेन्सला दृश्यच इतकं अरुंद असतं की ही अट फारशी आड येत नाही. ५०० मिलिमीटरच्या लेन्सचं दृश्य फुल फ्रेम कॅमेऱ्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ५ अंशांच्या आसपास. त्यामुळे १५ सेंटिमीटर लांब नळीलाही पुढच्या तोंडाला प्रत्येक बाजूने ६-७ मिलिमीटर मोकळीक दिली की पुरते.

दुर्बिणीला मात्र बहुतेक कंपन्या नळी देतच नाहीत, म्हणून ती करायची. ८ × ४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची असलेली दुर्बीण धरून सांगते.

जुनी योगा मॅट घ्या, ४ मिलिमीटर जाडीची बरी. ६ मिलिमीटरची दुमडत नाही. काळी किंवा गडद करडी असेल तर उत्तम, नसेल तर बाहेरून मातकट कापड चिकटवा. ८ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. यातले २ सेंटिमीटर दुर्बिणीच्या नळकांड्यावर बसतील आणि ६ पुढे येतील. पट्टीची लांबी नळकांड्याला दोरा गुंडाळून मोजा आणि त्यात २ सेंटिमीटर जोडासाठी वाढवा. कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका, पुढच्या काचेचा व्यास ४२ असला तरी बाहेरचं रबर धरून नळकांडं पन्नाशीच्या पुढे जातं.

आतून काळा रंग द्यायचा नाही. हा मुद्दा मी सगळ्यात जास्त वेळा सांगते आणि सगळ्यात कमी लोक ऐकतात. मॅट काळा रंग समोरून काळा दिसतो, पण अगदी तिरकस उजेडात तो चक्क चकाकतो, आणि नळीच्या आत उजेड तिरकसच येतो. काळं मखमली कापड लावा. मखमलीचे उभे केस उजेड अडकवून ठेवतात. ब्लाउजपीसच्या दुकानात पाव मीटर मागितलं तर दोन दुर्बिणींना पुरून उरतं. कापड पट्टीवर पातळ, सुकल्यावर लवचीक राहणाऱ्या गोंदाने चिकटवा, रात्रभर वजनाखाली ठेवा, कडांचे सुटे धागे लायटरने नव्हे, कात्रीने काढा. सुटा केस काचेवर बसला की दिवसभर छळतो.

आता पट्टी गुंडाळा आणि वेल्क्रोने बंद करा. जोड बाहेरच्या बाजूला येऊ द्या, दोन नळकांड्यांच्या मध्ये नको. आजकालच्या सरळ नळीच्या दुर्बिणी डोळ्यांच्या अंतरासाठी आत दुमडल्या की नळकांडी एकमेकांना जवळजवळ टेकतात, आणि मध्ये जाड जोड आला तर दुर्बीण पुरेशी मिटतच नाही. ज्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर ६० मिलिमीटरच्या आत आहे त्यांना, म्हणजे बऱ्याच बायकांना आणि बहुतेक मुलांना, हे लगेच जाणवेल. त्यांनी आतल्या बाजूची मॅट तासून अर्धी करावी. जुन्या, रुंद खांद्याच्या दुर्बिणींना ही कटकट नाही.

दुर्बीण डोळ्याला लावून आभाळाकडे बघा, अर्थात सूर्याकडे नाही. कधीच नाही, क्षणभरही नाही. दुर्बिणीतून सूर्य पाहिल्याने डोळ्याचा पडदा भाजतो, आणि असा पडदा चष्म्याने दुरुस्त होत नाही. आभाळ कडेला काळवंडलेलं दिसलं तर नळी ५ मिलिमीटरने कापा, पुन्हा बघा. ६ सेंटिमीटरच्या नळीने रोखापासून ३५-४० अंशांबाहेरचा सूर्य अडतो. त्याहून जवळचा सूर्य ही नळी अडवू शकत नाही, तिथे जागा बदलणं हा पहिला उपाय.

नळी पुरते आहे की नाही हे जागेवर ओळखायला आकडेमोड लागत नाही. दुर्बीण ज्या दिशेला धरणार त्याच दिशेला तिपाईवर किंवा मांडीवर धरा आणि बाजूने वाकून पुढच्या काचेकडे बघा. काच पूर्ण सावलीत असेल तर झालं. कडेला उन्हाची नखाएवढी कोर दिसत असेल तर तेवढ्यातूनही चमक जाणारच.

जाळी आणि मधमाशीचं पोळं

सूर्य समोर, खाली, आणि जागा बदलणं शक्य नाही, अशी वेळ येते. मग काचेपुढे जाळी येते. षटकोनी भोकांची एक चकती मिळते, पोळ्यासारखी, मुळात बंदुकीच्या आणि लष्करी दुर्बिणींसाठी केलेली. तिचं प्रत्येक भोक म्हणजे एक इवलीशी नळी. भोक ३ मिलिमीटरचं आणि खोली ९ मिलिमीटर असेल तर १८ अंशांबाहेरचा सूर्य काचेला लागत नाही. हेच काम साध्या नळीने करायचं तर ४२ मिलिमीटरच्या काचेसाठी साडेबारा सेंटिमीटरची सोंड लागेल. आता थ्रीडी छपाई करून देणारे गावोगाव झाले आहेत, मापं दिली की कुणीही काढून देतो.

या चकतीची किंमत उजेडात मोजावी लागते. चित्र थोडं अंधारतं, तीक्ष्णता किंचित मरते, आणि कॅमेऱ्यावर लावली तर मागच्या धूसर भागात षटकोनी ठिपके उमटतात. दुर्बिणीला आणि स्पॉटिंग स्कोपला, म्हणजे तिपाईवरच्या एका नळीच्या दुर्बिणीला, चालते, फोटोच्या लेन्सला मी लावत नाही. युद्धात ज्यांचा जीव या चमकेवर अवलंबून होता त्यांच्यातही काचच नको म्हणणारे होते. फिनलंडचा नेमबाज सैनिक सिमो हायहा १९३९-४० च्या हिवाळी युद्धात दुर्बीण न लावता बंदुकीची साधी लोखंडी माशी वापरायचा. काचेसाठी डोकं वर काढावं लागतं आणि काच उन्हात चमकते, हे त्यामागचं कारण सांगतात.

स्वस्तातला पर्याय मच्छरदाणीच्या जाळीचा. काळी किंवा गडद तपकिरी घ्या. पांढरी जाळी स्वतःच उजळते आणि समोर धुकं पसरल्यासारखं होतं. मी माझी जुनी, विटलेली कॉफी रंगाची ओढणी नळीवरून पुढे ओढून घेते, काचेवर नाही, नळीच्या वरच्या अर्ध्या तोंडावर झुलती. नळीची लांबी क्षणात वाढते आणि दुर्बिणीचा गोल, काळा डोळाही थोडा झाकला जातो.

बाकीचं सगळं जे चमकतं

तर बांगड्या. सोन्याच्या, काचेच्या, कुठल्याही. दुर्बीण उचलताना हात पहिला वर येतो, आणि बांगडी चमकते तशी वाजतेही. घड्याळ पालथं करून मनगटाच्या आत फिरवा, फोनचा पडदा खाली करून ठेवा. चष्मा असेल तर लेप असलेल्या काचा आणि पुढे झापड असलेली टोपी. आरशासारखे गॉगल तर घरीच ठेवा. स्टीलची पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा पिशवीत, बाहेर काढलाच तर सावलीत. तिपाईचे चकचकीत पाय सायकलच्या जुन्या ट्यूबने गुंडाळा. पंक्चरवाला फुकट देतो, हिवाळ्यात हाताला गार लागत नाही, आणि पकडही चांगली बसते. मोठ्या पांढऱ्या लेन्स उन्हात तापू नयेत म्हणून पांढऱ्या असतात, त्यांच्यावर मातकट निओप्रीनचं कव्हर चढवा.

गाडी हा उत्तम आडोसा आहे, पण समोरची काच म्हणजे मगाशी सांगितलेल्या फिल्टरची अजस्र आवृत्ती. कडबनवाडीच्या माळावर किंवा सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात गाडीतून चिंकारा बघायचा असेल, तर गाडी सूर्याकडे पाठ करून उभी करा, ते जमत नसेल तर समोरच्या काचेवर बाहेरून जुनी चादर टाका. ज्या खिडकीतून बघायचं तिची काच पूर्ण खाली.

एक निरीक्षण सांगते, माझंच आहे. पाण्यावर आधीच हजार ठिकाणी लखलख चालू असते, तिथे वारकरी (कूट नावाचे काळे पाणपक्षी) आणि बदकं काचेच्या चमकेला तितकी बिचकत नाहीत. त्यांना माणसाचा उभा आकार आणि हालचाल जास्त सलते. कोरड्या माळावर मात्र चमकणारं काहीच नसतं. तिथे धाविक पक्षी, लांडगा, चिंकारा एका तिरिपीने मान वर करतात. म्हणून माझा बराचसा खटाटोप माळासाठी असतो.

पलीकडून बघा

एवढं करून ते जमलं की नाही, हे काचेच्या मागे बसून कळत नाही. सोबत्याला ५०-६० पावलांवर पाठवा आणि तिथे उकिडवं बसायला सांगा, पक्ष्याच्या उंचीवर. तुम्ही नेहमीसारखी दुर्बीण उचला, डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवा, खाली ठेवा. तो फोनवर सांगेल, "आत्ता चमकली, आत्ता नाही." मग त्याने दहा-दहा पावलं बाजूला सरकत जायचं आणि तुम्ही पुन्हा तेच. सूर्य खाली असतानाच हे करा, सकाळी पहिल्या दोन तासांत किंवा संध्याकाळी. भर दुपारी केलंत तर सगळं छान दिसेल आणि काहीच कळणार नाही.

घरी रात्री करायची चाचणी आणखी सोपी. दुर्बीण टेबलावर ठेवा, दिवे बंद करा, फोनचा टॉर्च डोळ्याशेजारी धरून पुढच्या काचेत बघा. आत टिकल्यांची रांग दिसेल, प्रत्येक पृष्ठभागाची एक. हिरवी, जांभळी, निळसर टिकली म्हणजे तिथे लेप आहे. ठणठणीत पांढरी टिकली म्हणजे तो पृष्ठभाग उघडा आहे, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. दुकानात दुर्बीण घेतानाही हे करता येतं. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

पुसणं

धूळ आणि बोटांचे तेलकट ठसे चमक वाढवतात. स्वच्छ काच एका दिशेला चमकते. मळकी काच सूर्य पडला की सगळीकडून दुधी दिसते. म्हणून पुसणं आलंच, पण पदराने नाही. आमच्याकडे येणाऱ्या चष्म्यांपैकी ज्यांचा लेप उडालेला असतो त्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: पदर, नाहीतर शर्टाचं टोक. सुती कापडात अडकलेली रेती लेपाला घासते. आधी हाताने दाबायची रबरी फुंकणी मारून सुटी धूळ उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. मग मऊ ब्रश. त्यानंतर लेन्सचा द्रव मायक्रोफायबर कापडावर घ्या, थेट काचेवर नाही, आणि मधून बाहेर गोल गोल पुसा.

चमक कमी व्हावी म्हणून काचेवर मॅट स्प्रे मारणं, पॉलिश पेपरने घासणं, चिकटपट्टी लावणं, हे प्रकार मी ऐकले आहेत आणि त्यातली एक दुर्बीण दुकानात हातात घेऊन पाहिलीही आहे. तिच्यातून मला घड्याळातले आकडे वाचता आले नाहीत.

उचलायची कशी

स्थिर चमक पक्षी कधी कधी खपवून घेतात, फिरणारी चमक नाही. म्हणून दुर्बीण छातीवर काच खाली करून लटकू द्या. पक्षी दिसला की आधी नुसत्या डोळ्यांनी जागा हेरा आणि नजर तिथून हलवू नका. मग दुर्बीण छातीला चिकटवून सरळ वर घ्या, दोन्ही हातांची बोटं नळीच्या तोंडापुढे थोडी पुढे ठेवून, म्हणजे वर येताना काचेवर हाताची सावली राहते. दुर्बीण डोळ्याला लागली की बोटं मागे घ्या. खाली आणतानाही तसंच, आणि सावकाश. बहुतेक जण उचलताना काळजी घेतात आणि पक्षी बघून झाला की दुर्बीण धाडकन सोडून देतात. उरलेला थवा तेव्हा उठतो.

तिपाईवरची लेन्स वळवायची असेल तर पुढचं टोपण लावा, वळवा, पक्षी चौकटीत येईल अशा बेताने थांबवा, मग टोपण काढा. टोपण खिशात टाका. दोरीने लोंबकळत ठेवलेलं टोपण वाऱ्याने उलटसुलट होत राहतं आणि त्याची आतली गुळगुळीत बाजू उन्हात चमकत बसते.